नाली, नाला आणि गटार : नगरव्यवस्थेतील नामव्यवहाराचा एक विचार

नगरातील रस्ते व सांडपाणी यांची व्यवस्था हा विषय सामान्यतः स्थापत्यशास्त्राच्या अथवा लोकप्रशासनाच्या अभ्यासकांकडे सोपविला जातो. भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असे त्यात काही असेल, अशी कल्पना सहसा कोणी करीत नाही. परंतु नगरपालिकेचे कोणतेही काम कुदळीने सुरू होत नाही. ते अर्जाने सुरू होते. अर्जात एखाद्या वस्तूचे नाव लिहिलेले असते. ते नाव वाचून अर्ज कोणत्या शाखेकडे जावयाचा हे ठरते. शाखेवरून लेखाशीर्ष ठरते, आणि लेखाशीर्षावरून पैसा. नाव आणि वस्तू यांची जोड जेथे ढिली असते तेथे अर्ज भलत्या टेबलावर जाऊन पडतो आणि पाणी मात्र होते तेथेच राहते. उत्तर नागपुरातील जरीपटका ही वस्ती समोर ठेवून प्रस्तुत लेखात या नामव्यवहाराचा विचार केला आहे.

(१) वस्ती आणि तिच्या यंत्रणा

'जरीपटका' म्हणजे मराठी सैन्यातील मानाचे जरीचे निशाण. या मराठेशाही नावाच्या वस्तीची आजची ओळख मात्र १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी घडविली आहे. घरात सिंधी, बाजारात हिंदी आणि कचेरीत मराठी, असा त्रिभाषिक व्यवहार येथे नित्याचा आहे. नागपूर महानगरपालिकेने कारभाराच्या सोयीसाठी शहराचे दहा झोन पाडले असून जरीपटका हा भाग मंगळवारी झोनमध्ये मोडतो. इतवारी, बुधवारी, मंगळवारी ही नागपूरची जुनी नावे आठवड्याच्या वारांवरून पडलेली आहेत. त्यांतील एक आज प्रशासकीय विभागाचे नाव होऊन बसले आहे.

नागपूर येथे नगरपालिका १८६४ साली स्थापन झाली. १९३६ च्या अधिनियमाने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. नव्या वसाहती आखणे, भूखंड पाडणे, रस्ते व नाली काढून देणे हे त्याचे काम. १९४८ च्या अधिनियमान्वये नगरपालिकेची महानगरपालिका झाली आणि २ मार्च १९५१ पासून तिचा कारभार सुरू झाला. पुढे सुमारे साठ वर्षे नागपूरला स्वतःचा स्वतंत्र महापालिका कायदा होता. विद्यमान शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या आरंभी तो रद्द होऊन राज्यातील इतर बहुतेक महापालिकांना लागू असलेला १९४९ चा अधिनियम नागपूरलाही लागू झाला. या इतिहासाचा परिणाम असा की, वसाहत एका संस्थेने आखावी आणि तिची निगा दुसरीने राखावी, अशी विभागणी या शहरात दीर्घकाळ रूढ झाली. प्रन्यासाकडील अनधिकृत वसाहतींच्या नियमितीकरणातून '५७२ लेआउट' आणि '१९०० लेआउट' हे शब्दप्रयोग नागपूरच्या बोलीत शिरले. यातील आकडा आता मोजणी सांगत नाही, तो वस्तीचा प्रकार सांगतो. 'आमचे घर एकोणीसशेमध्ये आहे' एवढे म्हटले की रस्ता आणि नाली कोणाकडे मागावी, हा पुढचा प्रश्न ऐकणाऱ्याला आपोआप कळतो.

(२) वर्गीकरणाच्या तीन तऱ्हा

नागपूरचा सामान्य मनुष्य पाणी वाहून नेणाऱ्या वस्तूंसाठी मुख्यतः तीन शब्द वापरतो : 'नाली', 'नाला' आणि 'गडर' किंवा 'गडरलाइन'. पुणे-मुंबईकडे ज्याला 'गटार' म्हणतात त्या रस्त्याकडेच्या उघड्या पाटाला विदर्भात 'नाली' म्हणतात. 'गटार' हा शब्द इंग्रजी 'गटर' शब्दाशी जोडला जातो. 'गडर' हे त्याचेच नागपुरी रूप. दोन स्वरांमधील अघोष 'ट' येथे घोष 'ड' झाला आहे. 'गडर'चा अर्थही येथे आकुंचित होऊन स्थिर झाला आहे : जमिनीखालून जाणारी, झाकणे असलेली, मैला वाहून नेणारी नळी.

'नाला' आणि 'नाली' यांचे नाते व्याकरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. मराठीत 'गाडा-गाडी', 'सुरा-सुरी', 'विळा-विळी' या जोड्यांप्रमाणे पुल्लिंगी रूप मोठ्या वस्तूचे आणि स्त्रीलिंगी रूप लहान वस्तूचे वाचक असते. 'नाला-नाली' ही जोडी त्याच नियमाने बनली आहे. म्हणजे लोकभाषा येथे आकारावरून वर्गीकरण करते. मोठा तो नाला, लहान ती नाली, आणि न दिसणारी ती गडर.

अभियंत्याचे वर्गीकरण आकारावर अवलंबून नाही. पाणी कोणते आहे आणि ते कोठे जावयाचे आहे, हे दोनच प्रश्न तो विचारतो. पावसाचे पाणी असेल तर त्याला जवळच्या नैसर्गिक प्रवाहाकडे न्यावयाचे. मैलापाणी असेल तर त्याला शुद्धीकरण केंद्राकडे न्यावयाचे. उत्तर नागपूरच्या संदर्भात पहिल्याची दिशा पिवळी नदीकडे आहे. दुसऱ्याची दिशा कोणत्या तरी मलनिस्सारण केंद्राकडे असली पाहिजे. शहरातील अशा केंद्रांत भांडेवाडीचे केंद्र प्रमुख असून तेथील प्रक्रिया केलेले पाणी औष्णिक वीजकेंद्राला पुरविले जाते. या दोन व्यवस्था निराळ्या ठेवणे हे आधुनिक नगररचनेचे मूलतत्त्व आहे. केंद्र शासनाच्या नगरविकास मंत्रालयाने मलनिस्सारणाची मार्गदर्शिका २०१३ साली आणि पर्जन्यजलाच्या निचऱ्याची स्वतंत्र मार्गदर्शिका २०१९ साली प्रसिद्ध केली, यावरून ही विभागणी शास्त्राने किती गंभीरपणे घेतली आहे ते दिसते.

कायद्याचे वर्गीकरण या दोहोंहून वेगळे आहे. १९४९ च्या अधिनियमातील व्याख्या मैलापाणी, सांडपाणी, पावसाचे पाणी किंवा जमिनीतील पाणी वाहून नेणारे सर्व पाट, नळ्या, चर, बोगदे आणि टाक्या एकाच संज्ञेखाली आणते. याचा हेतू स्पष्ट आहे. कायद्याला जबाबदारी निश्चित करावयाची असते, आणि जितकी व्याख्या व्यापक तितकी पळवाट कमी. त्याच अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये या सर्वांची बांधणी, निगा व सफाई ही महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगितली आहेत.

एवंच, एकाच वस्तूसमूहाकडे लोक आकाराने पाहतात, अभियंता आशयाने पाहतो आणि कायदा जबाबदारीने पाहतो. तिन्ही दृष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. अडचण उत्पन्न होते ती एका वर्गीकरणातील शब्द दुसऱ्यात भाषांतर न करता नेल्यामुळे.

(३) विभक्तीतील संदिग्धता

या अडचणीचे एक लहान परंतु लक्षणीय उदाहरण मराठीच्या रूपविचारातच आहे. 'नाला' शब्दाचे अनेकवचन 'नाले' आणि 'नाली'चे 'नाल्या'. प्रथमेत दोन्ही रूपे भिन्न आहेत. एकवचनी सामान्यरूपेही भिन्न आहेत : 'नाल्याची सफाई', 'नालीची सफाई'. परंतु अनेकवचनी सामान्यरूपात हा भेद लोपतो आणि दोन्ही शब्दांचे 'नाल्यांची' असे एकच रूप होते. 'प्रभागातील नाल्यांची सफाई करणे' या वाक्यावरून मोठ्या नाल्यांचा गाळ काढावयाचा आहे की रस्त्याकडेचे पाट स्वच्छ करावयाचे आहेत, हे व्याकरणाने कळू शकत नाही. हिंदीत 'नालों की' आणि 'नालियों की' ही रूपे वेगळी राहतात, म्हणून हिंदी अर्जात ही संदिग्धता नाही. त्याच अर्जाचे मराठीत टिपण झाले की ती निर्माण होते.

ही शाब्दिक चिकित्सा निरर्थक नाही. मोठ्या नाल्यांचा गाळ काढण्याचे काम वर्षातून ठराविक वेळी, पावसाळ्यापूर्वी, यंत्रे लावून केले जाते. रस्त्याकडेच्या नालीची सफाई हे रोजचे काम असून ते सफाई कामगारांच्या हातून होते. दोन्हींची यंत्रणा, वेळ आणि खर्च निराळा आहे. वृत्तपत्रांनी व कचेऱ्यांनी पहिल्या कामासाठी 'नालेसफाई' हा समास रूढ केला, तो याच गरजेतून असावा. समासात प्रथमेचे 'नाले' हे रूप टिकून राहते आणि अर्थ निःसंदिग्ध होतो. रोजच्या कामाला मात्र असे स्वतंत्र नाव मिळालेले नाही, आणि ज्या कामाला नाव नाही त्याचा हिशेब मागणेही कठीण जाते.

(४) परिभाषेचे दोन थर

नागपूरच्या प्रशासकीय मराठीला एक विशेष पूर्वपीठिका आहे. १९५६ पर्यंत हे शहर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि त्या प्रांताचा कारभार हिंदी व मराठी अशा दोन भाषांच्या सान्निध्यात चालत असे. डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातूंवरून प्रशासकीय संज्ञा घडविण्याचा आपला प्रचंड उद्योग याच शहरात केला. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर भाषा संचालनालय स्थापन झाले आणि मुंबईहून मराठी परिभाषेचा दुसरा थर येथे आला. या दोन्ही थरांच्या खुणा आजही दिसतात. राज्य शासनाचा विभाग 'सार्वजनिक बांधकाम' म्हणविला जातो, तर नागपूर महापालिकेत त्याच स्वरूपाचे काम करणाऱ्या विभागाला 'लोककर्म विभाग' म्हणतात.

नव्या परिभाषेने निचऱ्याच्या क्षेत्रात 'मलवाहिनी', 'मलनिस्सारण', 'पर्जन्य जलवाहिनी' असे शब्द दिले. हे शब्द अभियंत्याच्या वर्गीकरणाशी तंतोतंत जुळतात. पाणी कोणते ते शब्दातच सांगितलेले आहे. दोष एवढाच की, ते फलकावरून आणि निविदेतून बाहेर पडून गल्लीत पोहोचले नाहीत. शासनानेही मलनिस्सारणाच्या योजनांना 'भुयारी गटार योजना' असे जुनेच नाव पुष्कळदा ठेवले. त्यामुळे 'गटार' शब्द उघड्या पाटालाही लागू राहिला आणि भूमिगत मलवाहिनीलाही. 'मोरी' शब्दाची गत याहून विचित्र आहे. घरात मोरी म्हणजे धुण्या-भांड्याची किंवा स्नानाची जागा; बांधकाम खात्याच्या भाषेत मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जाऊ देणारे लहान बांधकाम. 'मोरी तुंबली' या तक्रारीचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे त्यावर अवलंबून राहतो.

संस्कृत 'प्रणाली' म्हणजे पाण्याचा पाट. त्याचे तद्भव 'पन्हळ' आजही छपरावरचे पाणी उतरविते, तर मूळ तत्सम रूप 'व्यवस्था' या अमूर्त अर्थाला जाऊन पोहोचले आहे. 'मलनिस्सारण प्रणाली' लिहिणाऱ्या लेखनिकाच्या मनात पाटाची आठवण उरलेली नसते. शब्द वस्तूपासून असे दूर जाणे भाषेच्या इतिहासात स्वाभाविक आहे. परंतु तक्रार नोंदविणाऱ्याला मात्र वस्तूच्या जवळचा शब्द हवा असतो.

(५) 'करणे' आणि 'राखणे'

रस्त्यांच्या संदर्भात निराळा प्रश्न उद्भवतो. रस्त्याच्या कामाचा कागदोपत्री प्रवास ठरलेला आहे : पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम, मोजमाप पुस्तिकेतील नोंद, देयक आणि शेवटी दोषदायित्वाचा कालावधी. या कालावधीत निघालेला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करावयाचा असतो. नागपुरात मोसमी पाऊस साधारणतः जूनच्या मध्यास येतो. डांबराची कामे त्यापूर्वी आटोपावी लागतात आणि पावसाळ्यात उरते ती केवळ खड्डे बुजविण्याची धावपळ.

या कागदांतील क्रियावाचक शब्द पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. 'खडीकरण', 'डांबरीकरण', 'काँक्रिटीकरण', 'रुंदीकरण', 'मजबुतीकरण', 'सुशोभीकरण' हे सर्व शब्द 'करण' या संस्कृत घटकाने सिद्ध झाले आहेत. मूळ शब्द संस्कृत असो, फारसी असो वा इंग्रजी असो, 'करण' लागले की त्याचे काम होते, आणि त्या कामाला आरंभ व शेवट प्राप्त होतो. त्याचे भूमिपूजन करता येते आणि लोकार्पणही करता येते. याउलट 'निगा', 'देखभाल', 'डागडुजी' हे शब्द या साच्यात बसत नाहीत. निगा 'राखावी' लागते. राखणे ही क्रिया पूर्ण होत नाही, ती चालू असते. व्याकरणात ज्याला क्रियाव्याप्तीचा भेद म्हणतात तोच येथे अंदाजपत्रकातील भेद होऊन बसतो. पूर्ण होणाऱ्या क्रियेसाठी निधी मागणे सोपे असते. चालू राहणाऱ्या क्रियेसाठी तो दरवर्षी नव्याने, आणि बहुधा कमी, मिळतो.

वस्तुतः रस्त्याचे आयुष्य निगेवर आणि त्यातही पाण्याच्या निचऱ्यावर अवलंबून असते. नागपूर हे दख्खनच्या बेसाल्ट खडकाच्या पूर्व सीमेवर वसले आहे आणि शहराच्या पुष्कळ भागांत काळी माती आहे. ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रस्त्याच्या कडेची नाली तुंबली की पाणी कडेने आत शिरते, पाया मऊ होतो आणि वरचा डांबराचा थर वाहनांच्या भाराने तुटतो. नागपूरकर ज्याला 'गड्डा' म्हणतो तो रस्त्याच्या पृष्ठभागावर दिसत असला तरी पुष्कळदा त्याचा उगम नालीत असतो. गेल्या दशकात शहरात सिमेंटचे रस्ते मोठ्या प्रमाणावर झाले. त्यांना खड्ड्यांचा उपद्रव कमी. परंतु अनेक ठिकाणी रस्त्याची पातळी घरांच्या जोत्याहून उंच झाली आणि पूर्वी अंगणातून रस्त्यावर जाणारे पाणी आता रस्त्यावरून अंगणात येऊ लागले. काँक्रिटीकरण 'पूर्ण' झाले. निचरा मात्र त्या शब्दात समाविष्ट नव्हता.

(६) चुकलेल्या नावाची किंमत

नामव्यवहारातील या ढिलाईची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते.

पहिली किंमत नदी मोजते. घरातील मैलापाणी 'नालीत सोडले' तर सामान्य मनुष्याला त्यात काही विपरीत वाटत नाही. पाणी लहान पाटात गेले एवढेच त्याचा शब्द सांगतो. परंतु ती नाली पावसाच्या पाण्याची असेल तर तो मैला शुद्धीकरण केंद्राकडे न जाता पिवळी नदीत किंवा नाग नदीत जातो. उलटपक्षी पावसाचे पाणी मलवाहिनीत शिरले की तिची क्षमता अपुरी पडते आणि झाकणांतून मैला रस्त्यावर उसळतो.

दुसरी किंमत वस्ती मोजते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठचे भाग पाण्याखाली गेले. त्यात जीवितहानीही झाली. हे पाणी पश्चिम आणि मध्य नागपुरातले होते, जरीपटक्यातले नव्हे. तथापि त्यातून निघणारा बोध सर्व शहरास लागू आहे. नाला हा घाण पाण्याचा पाट एवढाच अर्थ लोकांच्या मनात राहिला की त्याच्या पात्रात भिंत घालणे किंवा भर टाकणे अपराध वाटत नाही. नाला हा पावसाचा राजमार्ग आहे, हा अर्थ शब्दातून निघून गेलेला असतो.

तिसरी आणि सर्वांत मोठी किंमत माणूस मोजतो. मलवाहिनीच्या झाकणाला इंग्रजीत जे नाव मिळाले त्याचा शब्दशः अर्थ 'मनुष्याने उतरावयाचे भोक' असा आहे, आणि भारतात तो शब्द दीर्घकाळ शब्दशः खरा ठरला. २०१३ च्या अधिनियमाने संरक्षक साधनांवाचून मलवाहिनीत व मैलाटाकीत माणूस उतरविणे दंडनीय ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृत्यूंसाठी दहा लाख रुपये भरपाई ठरविली आणि २०२३ साली ती तीस लाख केली. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात 'मॅनहोल'चे 'मशीनहोल' करण्याचे धोरण जाहीर झाले. नाव बदलल्याने वायूचे विष कमी होत नाही हे खरे. पण जुने नाव मनुष्याचे तेथे उतरणे गृहीत धरीत होते, हे त्या बदलाने प्रथमच मान्य केले.

नागपूर महापालिकेच्या सफाई व्यवस्थेतील 'ऐवजदार' हा शब्द याच संदर्भात पाहण्यासारखा आहे. अरबी 'इवज' म्हणजे बदला. त्यावरून मराठीत 'ऐवजी' आणि 'ऐवज' हे दोन्ही शब्द आले, एकाचा अर्थ 'बदल्यात', दुसऱ्याचा 'मौल्यवान वस्तू'. 'ऐवजदार' म्हणजे कायम कामगाराच्या बदली काम करणारा. वर्षानुवर्षे रोज काम करणाऱ्या मनुष्यालाही हे नाव लागलेले राहिले. काम नित्याचे आणि नाव बदलीचे, अशा स्थितीत वेतन व हक्क नावाच्या मागे गेले, कामाच्या मागे गेले नाहीत.

(७) उपसंहार

या विवेचनावरून परिभाषा निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढावयाचा नाही. तिचा उपयोग आहेच. पण ती नागरिकाच्या तोंडी घालण्याचा आग्रह फोल आहे. जरीपटक्यातील सिंधीभाषक दुकानदाराने 'पर्जन्य जलवाहिनी' असे लिहावे अशी अपेक्षा करण्यापेक्षा, त्याने 'नाली' म्हटल्यावर ती कोणती हे ओळखण्याची रीत कचेरीने ठरवावी, हे अधिक सयुक्तिक होय. त्यासाठी तक्रारपत्रकात वस्तूचे नाव विचारण्याऐवजी तिची लक्षणे विचारावीत : पाट उघडा आहे की झाकलेला, पाणी रोज वाहते की केवळ पावसात, दुर्गंधी आहे काय, पाणी पुढे कोणत्या बाजूस जाते, आणि वसाहत कोणत्या संस्थेने आखलेली आहे. ही पाच उत्तरे कोणत्याही भाषेत देता येतात. त्यांवरून शाखा ठरविणे हे कचेरीचे काम, नागरिकाचे नव्हे.

दुसरे असे की, 'नाली', 'नाला' आणि 'गडर' या तीन लोकशब्दांना कचेरीने निश्चित अर्थ देऊन स्वीकारावे. पावसाच्या पाटाला नाली, नैसर्गिक प्रवाहाला नाला आणि मैल्याच्या नळीला गडर, असा संकेत एकदा ठरला तर नागपूरच्या लोकभाषेला त्यात परके काही वाटणार नाही, कारण ती आधीच त्या दिशेने पुष्कळ चालून गेली आहे. 'नाल्यांची सफाई' असे संदिग्ध रूप टाळून 'नालेसफाई' आणि 'नालीसफाई' असे दोन समास योजावेत, म्हणजे रोजच्या कामालाही नाव मिळेल आणि अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ मिळेल.

परिभाषा तयार करणारे विद्वान शब्दाची शुद्धता, सुटसुटीतपणा आणि व्युत्पत्ती पाहत आले आहेत. नगरव्यवस्थेच्या परिभाषेला आणखी एक कसोटी लावली पाहिजे : तो शब्द उच्चारताच योग्य मनुष्य योग्य साधन घेऊन योग्य जागी पोहोचतो काय? ज्या शब्दाने हे साधते तो शब्द, मग त्याची व्युत्पत्ती कोणतीही असो, त्या कामापुरता शुद्धच मानला पाहिजे.